पेटी नंबर बेचाळीस

३ जानेवारी

बंबवाले यांना नमस्कार,

रविवारच्या पेपरात तुमची जाहिरात आहे. 'आगीची सूचना देणाऱ्या जुन्या घंटा, पेट्या, दांडे हवेत. मोडके चालतील, गंजलेले जास्त चालतील. लिहा: बंबवाले.' लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, माझ्या ओळखीचा एक जण पेनांची टोपणं जमवायचा. हे मात्र नवीनच ऐकलं. जाहिरात मी वाचली नव्हती. आमच्याकडे पेपर वाचणारं माणूस वेगळं आहे. त्यांनी ती कापली, तीही वाकडीतिकडी, आणि माझ्या चहाच्या बशीखाली ठेवून दिली. 

आमच्या घरात अशी एक पेटी आहे. लाल, लोखंडी, पावाच्या लादीएवढी, पण उचलायला गेलं तर कंबर धरेल इतकी जड. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारातून घरी आली आणि जुन्या चादरीत गुंडाळून कपाटाच्या तळाशी बसली. तेव्हापासून चादर कोणी सोडलेली नाही. त्या कारखान्यात मी एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर होते. सगळे मला हॅलोबाई म्हणायचे, आणि जे शिल्लक आहेत ते अजून म्हणतात.

पेटी द्यायची की नाही हे ठरलेलं नाही. आधी सांगा, तुम्ही या वस्तूंचं करता काय? घासूनपुसून मांडता, रंग देता, की पुढे कोणाला विकता? आणि मुख्य म्हणजे उघडून बघता का? मोघम लिहू नका. मोघम बोलणी ऐकण्यात माझी सगळी नोकरी गेली.

हॅलोबाई


९ जानेवारी

आदरणीय बाई,

तुमचं पत्र मी लिफ्टच्या टपावर बसून वाचलं. माझा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लोकांच्या शिव्या खाणं हे त्यातलं निम्मं काम. बंबवाले हे नाव आमच्या इमारतीतल्या पोरांनी ठेवलं आहे, कारण माझ्या घरात बंब सोडून आगीचं सगळं सामान आहे.

आता तुमचे प्रश्न. विकत नाही. रंग देत नाही. घासतही नाही, मऊ फडक्यानं धूळ काढतो तेवढंच. कोणी माझ्या पितळेच्या घंटेला चिंच लावायला निघालं तर मला कसंतरीच होतं. आणि हो, उघडतो. प्रत्येक वस्तू उघडतोच, त्याशिवाय मला झोप लागत नाही. पण आधी चित्र काढून ठेवतो, आणि जे जसं निघालं ते तसंच परत बसवतो. एकदा चालू करून ऐकतो आणि मग भिंतीला टांगतो. बायकोनं मला एक भिंत दिली होती. भिंत आता कोपऱ्यावरून वळून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचली आहे. एकूण त्रेसष्ट नग.

हे खूळ कसं लागलं ते सांगतो. एक जुनी कचेरी पाडत होते, तिथली लिफ्ट उतरवायला गेलो होतो. चौथ्या मजल्यावर कपाटामागे एक घंटा सापडली. उघडली तर आत झाकणावर पेन्सिलनं बारीक रेघा. कोणीतरी दर आठवड्याला ती वाजवून पाहत होतं आणि एक रेघ मारत होतं. मोजल्या तर नऊशेच्या वर. त्या घंटेला खरी आग कधी दिसलीच नाही. जन्मभर एका क्षणासाठी तयार राहायचं आणि तो क्षण न येताच भंगारात जायचं, याचं मला फार नवल वाटलं. तेव्हापासून अशी वस्तू दिसली की तिच्या पोटात काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या पेटीवर नंबर आहे का? कुठल्या खात्यातली? आणि तुम्ही बोर्डावर होतात म्हणजे घंटा तुमच्याच खोलीत असणार. मी आजवर वाजवणारी यंत्रं जमवली, पण ती ऐकण्याची ज्यांची नोकरी होती असं माणूस मला पहिल्यांदाच भेटतंय. सगळं सांगा. तुम्हाला मावशी म्हटलं तर चालेल का? मला अहोजाहो करू नका. मी चव्वेचाळीसचा आहे.

बंबवाला


२० जानेवारी

बंबवाले,

उघडता हे वाचलं आणि पत्र आठवडाभर बाजूला ठेवलं. मग पुन्हा काढून वाचलं. मावशी म्हणा. अरेतुरे मात्र माझ्याकडून एवढ्यात होणार नाही, फोनवर आयुष्य गेल्यावर जीभ अशीच वळते.

माझी खोली जिन्याखाली होती. बोर्ड, उंच खुर्ची, आणि एक खिडकी, जिची कडी कधी नीट बसली नाही. बोर्डाच्या वर भिंतीवर ताटाएवढी पितळी घंटा. कारखान्यात अकरा ठिकाणी लाल पेट्या होत्या. कुठलाही दांडा ओढला की माझ्या डोक्यावर ठोके पडायचे, आणि प्रत्येक पेटीचे ठोके वेगळे. दोन ठोके, जरा उसंत, चार ठोके म्हणजे चोवीस नंबर, कापसाचं गोदाम. चार, उसंत, दोन म्हणजे बेचाळीस, रंगखातं. असा नंबर लागोपाठ चार वेळा वाजायचा. आपण मोजायचं, यादीत बघायचं आणि बंबखान्याला फोन लावायचा. शनिवारी दुपारी सगळ्या पेट्यांची चाचणी व्हायची. अजूनही कोणी दार ठोठावलं की मी मोजते. आमचा दूधवाला तीन-एक आहे.

घरातली पेटी बेचाळीस नंबरची. झाकणावर आकडा आहे. ती खरोखरीची एकदाच ओढली गेली, एकेचाळीस वर्षांपूर्वी, एका गुरुवारी दुपारी. रंगखात्यात आग लागली, आणि बंब गेला गोदामाकडे. गोदाम आवाराच्या एका टोकाला, रंगखातं दुसऱ्या टोकाला. बंब वळून परत येईपर्यंत सात मिनिटं गेली. माणूस दगावला नाही. पण रंगखातं जळालं आणि एका माणसाचे हात गेले. म्हणजे हात राहिले, कामाचे राहिले नाहीत. चौकशी बसली. त्या पाळीला बोर्डावर असलेल्या बाईचे पहिले चार ठोके निसटले, म्हणून चार-दोन, चार-दोन हे तिला दोन-चार, दोन-चार असं ऐकू आलं, असा निकाल लागला. तिला कामावरून काढलं नाही. घंटा तेवढी तिथून काढून पहारेकऱ्याच्या खोलीत नेली. पुढे जळलेल्या तारा काही परत ओढल्या नाहीत. सगळ्या खात्यांत फोन बसवले आणि पेट्या अडगळीत गेल्या.

पेपर वाचणाऱ्या माणसाला विचारलं, पेटी देऊ का. त्यांनी पेपर खाली न करता 'दे' म्हटलं. चादरीसकट पार्सल केली आहे. चादर परत पाठवू नका.

हॅलोबाई


४ फेब्रुवारी

मावशी,

पार्सल पोचलं. टपालवाल्यानं आत काय आहे विचारलं, मी 'आग' म्हणालो, तो हसला नाही.

पेटी पाहून मी अर्धा दिवस कामावर गेलोच नाही. दांडा मऊ आहे. दांडा ओढला की आतल्या स्प्रिंगला चावी बसते, आणि ती स्प्रिंग एक चकती फिरवते. तारा जोडायची टोकं पाठीमागे बाहेरच आहेत, त्यामुळे पोट न उघडताच बॅटरी आणि माझी एक घंटा जोडता आली. ओढला दांडा. एकेचाळीस वर्षांनी पहिल्याच फटक्यात वाजली, मावशी. बायको शेंगा सोलत होती, तीसुद्धा थांबली.

आणि आता खरी गंमत ऐका. ही पेटी बेचाळीस नंबरची नाहीच. ठोके पडतात दोन आणि चार. तीन वेळा ओढून पाहिली. म्हणजे तुमच्याकडे गोदामाची पेटी आली आणि तिच्यावर रंगखात्याचं झाकण बसलं. असं पुष्कळ ठिकाणी होतं. रंगारी सगळी झाकणं एकदम काढतात आणि बसवताना कुठलं कुठं जातं. माझ्याकडेच अशा दोन पेट्या आहेत.

त्या बोर्डावरच्या बाईंचं वाचून मात्र हसू आलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते अगदी अक्षरशः. गप्पांच्या नादात असतील बिचाऱ्या. पुढे काय झालं हो त्यांचं? अजून असतील तर त्यांच्याकडून ती दुपार ऐकायला मला फार आवडेल.

आता पोट उघडायचं आहे. शनिवारी वेळ काढतो.

बंबवाला


७ फेब्रुवारी

बंबवाले,

ती बाई मी आहे. गप्पांच्या नादात नव्हते.

ती म्हण तुम्ही नवीन म्हणून लिहिलीत. मी ती एकेचाळीस वर्षं ऐकते आहे. कारखान्याच्या फाटकावर, नातेवाइकांच्या जेवणात, भाजी घेताना. आमचे एक विणकाममास्तर होते, ते तर नमस्काराऐवजी तीच म्हणायचे. अजून फाटकासमोरच्या बाकावर बसतात आणि अजून म्हणतात. मी हसते. हसलं की लवकर संपतं.

आता नीट वाचा. पेटीची डावी बाजू बघा. तिथला रंग फोडांसारखा फुगलेला आहे. झाकणाचा नाही, पेटीचा स्वतःचा. गोदामाची पेटी आयुष्यात कधी आगीजवळ गेली नाही. ती रंगखात्याचीच पेटी आहे. झाकणाची अदलाबदल झालेली नाही.

त्या दुपारी काय झालं ते तुम्हाला सांगते, कारण ते मी कोणालाच पूर्ण सांगितलेलं नाही. वारा सुटला होता आणि खिडकी आपटत होती. मी खुर्चीवरून उठून तिची कडी लावायला गेले. पाठ घंटेकडे होती. तेवढ्यात ठोके सुरू झाले. मी जागच्या जागी उभी राहून मोजले. दोन, चार. दोन, चार. चौकशीत विचारलं, 'तुम्ही खुर्चीवर होतात का?' मी खरं ते सांगितलं. झालं, त्यांचं काम झालं. आणि माझंही झालं, कारण त्या दिवसापासून मलाच खात्री देता येईना. पहिले चार ठोके खिडकीच्या आपटण्यात गेले असतील का? मला वाटतं नाही गेले. पण वाटणं आणि माहीत असणं यांत फरक आहे. मी खूप वेळा डोळे मिटून ती खिडकी लावून पाहिली आहे.

मला त्या पेटीविषयी बाकी काही नको. ती बेचाळीस नंबरची असून दोन-चार का वाजते, एवढं सांगा. उघडा.

हॅलोबाई


१३ फेब्रुवारी

मावशी,

माझ्या जिभेला हाड नाही. पत्र वाचलं आणि बायकोला दाखवायची हिंमत झाली नाही, मग दाखवलंच, आणि जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. माफी मागतो.

आता उत्तर. सावकाश लिहितो.

फोड तुम्ही म्हणता तसेच आहेत. आतल्या पत्र्याचे चारही स्क्रू धुराच्या काजळीनं बुजलेले होते, काजळी अगदी भाजून पक्की झालेली. म्हणजे आगीनंतर ही पेटी कोणीही उघडलेली नाही, मीच पहिला. आत चकती आहे, मोठ्या बटणाएवढी, पितळेची. तिच्या कडेला दाते आहेत: चार दाते, लहान मोकळी जागा, दोन दाते, मग मोठी मोकळी जागा. चकती फिरली की प्रत्येक दात्याला एक ठोका. ही चकती बेचाळीसची आहे आणि त्यात काही वाद नाही, तिच्या अंगावर आकडा कोरलेला आहे.

पण आकडा आतल्या बाजूला आहे, मावशी, चकतीमागे छोटा आरसा सरकवला तेव्हा दिसला. तो बाहेरच्या बाजूला दिसायला हवा. चकती उलटी बसवलेली आहे. उलटी केली की दाते उलट क्रमानं येतात. आधी दोन, मग चार. चांगल्या पेट्यांत ती उलटी बसूच नये म्हणून एक खिळा असतो. ही स्वस्तातली पेटी, हिला तो नाही. चित्र सोबत जोडलं आहे. मी चकती हलवलेली नाही.

त्या गुरुवारी या पेटीतून दोन-चार हेच ठोके गेले. दुसरं काही जाणं शक्यच नव्हतं. तुम्ही बरोबर मोजलंत. उलट आता ही गोष्ट बघा. चौकशीवाले म्हणाले तसं तुम्ही खरंच बेसावध असतात आणि पहिले दोन ठोके तुमचे निसटले असते, तर तुम्हाला चार-दोन, चार-दोन ऐकू आलं असतं. बंब बरोबर जागी गेला असता. तुम्ही नीट मोजलंत म्हणून तो चुकला.

आणि अजून एक. शनिवारी चाचणी व्हायची म्हणता, म्हणजे आधीच्या शनिवारी ही पेटी ठीक वाजली असणार. शनिवार ते गुरुवार या पाच दिवसांत कोणीतरी ती उघडली, चकती काढली, पुसली (अगदी स्वच्छ आहे) आणि उलटी बसवली. कोणी? तेही पेटीच्या पोटातच लिहिलंय. चकतीच्या आतल्या बाजूला, जिथे धूर पोचला नाही, तिथे निळा अंगठा उमटलेला आहे. रेघा मोजता येतील इतका स्वच्छ. विजेचं काम करणाऱ्याचा अंगठा काळा असतो, मला माझ्याच अंगठ्याकडे बघून सांगता येईल. निळा म्हणजे रंगखात्यातला माणूस. त्या खात्यातलं कोणी अजून आहे का? शोधाल का? मला राहवत नाहीये.

बंबवाला


१८ मार्च

मावशी,

महिना उलटून गेला, तुमचं पत्र नाही. आधी वाटलं टपालाचा घोळ. मग वाटलं तब्येत. काल बायकोनं तुमची सगळी पत्रं क्रमानं लावून वाचली. ती शिवणकाम शिकवते, उसवलेलं तिला लगेच दिसतं. तिनं मला एकच विचारलं, 'त्या घरात पेपर वाचणारं माणूस कोण आहे, आणि त्यांना कात्री सरळ का धरता येत नाही?'

मग तिनं मला गाढव म्हटलं.

मी पेटीच्या पोटात बघत बसलो आणि पेटी कोणाच्या घरातून आली ते बघितलं नाही. मी उड्या मारत तो अंगठा तुमच्यासमोर धरला. मावशी, तुम्हाला लिहावंसं वाटत नसेल तर लिहू नका. पेटी भिंतीला टांगलेली नाही, फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. चकती तशीच आहे. सरळ करू का, की राहू देऊ, की पेटी परत पाठवू? माझ्या नियमात जसं निघालं तसं ठेवायचं असतं, पण या वेळी माझा नियम चालणार नाही. तुम्ही सांगाल तसं.

बंबवाला


२६ मार्च

बाळा,

तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग. ती लिफ्टच्या कामात शिरली तर तुझी रोजीरोटी जाईल.

पेपर वाचणारं माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. तो रंगखात्यात पाळीचा मुख्य होता. दांडा त्यानंच ओढला. बंब येत नाही म्हटल्यावर तेलाची पिंपं त्यानं हातानं ओढून बाहेर काढली, आणि त्यात हात भाजले. उजव्या हाताची बोटं वळत नाहीत, डाव्याची दोन वळतात. कात्री तो मुठीत धरतो. तेव्हापासून रोज सकाळी दादाच्या शर्टाची बटणं मी लावते. सहा बटणं, एकेचाळीस वर्षं. दोनदा मला स्थळं आली, चांगली होती. मी नाही म्हणाले. माझ्या मोजण्यानं त्याचे हात गेले, मग मी कुठे जाणार होते?

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी ते चित्र त्याच्यासमोर धरलं. त्यानं चष्मा काढला आणि चित्राकडे न बघता म्हणाला, "उलटी निघाली ना?"

पेटीचा दांडा जड झाला होता, रंगाची पूड आणि वाफ आत जाऊन बसलेली. विजेच्या माणसाला तीनदा सांगून तो आला नव्हता. दादाच्या हाताला चैन नसायची, घाण तर त्याला बघवायची नाही. मंगळवारी त्यानं पेटी स्वतःच उघडली, चकती पुसली, लावली. दांडा मऊ झाला म्हणून खूश झाला. इस्पितळात पडल्यापडल्या त्याला ती चकती आठवायला लागली. आकडा आपल्याला शेवटी दिसला होता का? त्याला काही केल्या आठवेना. तोवर चौकशीचा कागद झाला होता. घरी आल्यावर सांगू असं त्यानं ठरवलं. घरी आला, आणि हाताला पट्ट्या, म्हणून मी त्याला भरवत होते.

तो म्हणाला, "तू घास तोंडापाशी आणलास, आणि मला वाटलं आत्ता सांगितलं तर हा हात मागे जाईल."

मग रोज उद्या झालं. कारखाना बंद झाला तेव्हा पेटी भंगारातून त्यानंच घरी आणवली, खात्री करायला. पण स्क्रू त्याच्या बोटांना फिरेना, आणि फिरवून दे असं तो मला तर सांगू शकत नव्हता. म्हणजे बघ, इतकी वर्षं त्याच्या कपाटात एक न उघडलेली पेटी होती आणि माझ्या डोक्यात एक न लागणारी खिडकी. दोघांनाही नक्की माहीत नव्हतं. तुझी जाहिरात त्यानं तीन रविवार वाचली, चौथ्याला कापली.

मला राग आला. असा राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी बटणं लावली नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोन परक्यांसारखे वावरलो. तो उघड्या शर्टावर कोट चढवून बसायचा. मी बघायचे आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. मी माझी वयाच्या चोवीसपासून बेचाळीसपर्यंतची, लग्न होऊ शकलं असतं ती सगळी वर्षं मोजली. हो, आकडे तेच आले, मलाही दिसलं. तू हसू नकोस.

तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी तो तसाच, बटणं न लावता, घराबाहेर पडला. दोन तासांनी आला आणि पेपर घेऊन बसला. कुठे गेला होता ते मला संध्याकाळी कळलं. दार वाजलं. एकच ठोका. असा आमच्याकडे कोणी वाजवत नाही. उघडलं तर विणकाममास्तर, काठी टेकत, दोन जिने चढून आलेले. दादानं फाटकासमोरच्या बाकावर जाऊन, सगळे जुने लोक बसलेले असताना, उभं राहून सांगितलं होतं. पेटी मी उघडली, चकती मी उलटी लावली, आणि इतकी वर्षं गप्प बसलो. एवढं सांगून परत फिरला. मास्तर दारात बराच वेळ श्वास घेत राहिले. मला वाटलं पुन्हा ती म्हण येणार.

ते म्हणाले, "हॅलोबाई, मोजणी बरोबर होती."

आत या म्हटलं तर आले नाहीत. ते गेल्यावर मी दाराला टेकून रडले. दादाला ऐकू गेलं असेल, घर लहान आहे.

राग गेला का? सगळा नाही. जाईल तसा जाईल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीत गेले आणि बटणांना हात घातला. या वेळी कशाची भरपाई म्हणून नाही, भाऊ आहे म्हणून. तो म्हणाला, सगळी नको लावूस. तेव्हापासून वरची चार मी लावते आणि खालची दोन तो लावतो. त्याला फार वेळ लागतो, चहा गार होतो. मी तो पुन्हा गरम करते.

आता पेटीचं. चकती सरळ करू नकोस. दादाला विचारलं, त्याचंही तेच म्हणणं. भिंतीला टांगशील तेव्हा पाटीवर लिही, नंबर बेचाळीस, वाजते चोवीस. जास्त काही लिहू नकोस. ज्याला नवल वाटेल तो विचारेल, आणि तू सांगितल्याशिवाय राहणार नाहीस.

टांगण्याआधी मात्र ती घेऊन एकदा इकडे ये. बायकोलाही आण. बॅटरी आण, तुझी ती घंटा आण. दांडा दादा ओढेल, तेवढं त्याच्या डाव्या हाताला जमतं. मी खुर्चीवर बसून मोजीन. रविवारी सकाळी या, वारा असला तरी हरकत नाही. खिडकी मी आधीच लावून ठेवते.

मावशी